मोयेसचं काय करायचं

मँचेस्टर युनायटेडने मॅनेजर मोयेसला काढायलाच हवं होतं, हे माझं ठाम मत आहे. मोयेसला काढायला नको होतं, हेही माझंच आणि तितकंच ठाम मत आहे. ही दोन्ही मतं मी एकाच हंगामात, एकाच सोफ्यावर बसून, सारख्याच तावातावाने मांडली आणि दोन्ही वेळा समोरच्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे त्याच्या तोंडावर सिद्ध केलं. लोक याला कोलांटउडी म्हणतात. मी अभ्यास म्हणतो.

माझ्या अधिकाराबद्दल कुणी शंका काढू नये म्हणून सांगतो. मँचेस्टरला मी गेलेलो नाही. इंग्लंडलाही नाही. लंडनला निघालेल्या साडूला विमानतळावर सोडायला गेलो होतो, तेवढाच त्या देशाशी आलेला प्रत्यक्ष संबंध. पण मँचेस्टर युनायटेडचा डावा बचावपटू पुढे गेला की मागे किती जागा सुटते, हे मला पुण्यातून दिसतं आणि तिथे कडेला उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, याचं मला वर्षानुवर्षं आश्चर्य वाटत आलेलं आहे. शिवाय मी स्वतः खेळलेलो आहे. कॉलेजात गोलकीपर होतो. म्हणजे ज्याला पळायचा कंटाळा आहे आणि जो अंगाने आडवा आहे, त्याला जिथे उभं करतात तिथे मला उभं केलं होतं. मी किती गोल खाल्ले याची नोंद कुणी ठेवली नाही. आकडेवारीचं शास्त्र तेव्हा फारसं पुढे गेलेलं नव्हतं, हे एका परीने बरंच झालं.

आमचं मंडळ चौघांचं. एक मी, म्हणजे अर्थातच अध्यक्ष. दुसरा पणजीचा मित्र, नोकरीसाठी पुण्यात येऊन राहिलेला, जन्माने गोव्याच्या धेंपो क्लबवाला आणि युनायटेडवाला नंतर. तिसरा माझा कोल्हापूरचा भाचा, तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि हॉस्टेलचं जेवण टाळण्यासाठी आमच्याकडे सामने बघायला यायचा. चौथे शेजारचे अप्पा. ते निवृत्त आहेत, त्यांना फुटबॉल आवडत नाही, पण सामना असला की आमच्याकडे चहा दोनदा होतो हे त्यांनी हेरलं होतं. अप्पांची अडचण एकच. ते प्रश्न विचारतात.

मे २०१३ मध्ये युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त होतो म्हणाला, तेव्हा माझ्या घरात दोन दिवस सुतक होतं. साडेसव्वीस वर्षं! लीगची तेरा विजेतेपदं! त्याचा शेवटचा सामनासुद्धा साधासुधा नाही. वेस्ट ब्रॉमशी पाच-पाच अशी बरोबरी, आणि तो मॅनेजर म्हणून त्याचा दीड हजारावा सामना. वारस त्यानेच निवडला. एव्हर्टनमध्ये अकरा वर्षं काढलेला, त्याच्यासारखाच ग्लासगोचा डेव्हिड मोयेस. फर्ग्युसनने घरी बोलावलं तेव्हा हा बिचारा जीन्सवरच गेला होता, कुठल्यातरी खेळाडूच्या सौद्याचं बोलणं असेल असं समजून; आणि तिथे त्याला राज्यच देऊन टाकलं. करार सहा वर्षांचा. निरोपाच्या भाषणात फर्ग्युसनने मैदानाच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना बजावलं की आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहणं हे तुमचं काम.

मी टीव्हीसमोर उभा राहिलो. खरोखरच उठून उभा राहिलो. अप्पा म्हणाले, ‘‘तुम्हालाही सांगतायत का ते?’’

तर त्या मे महिन्यापासून डिसेंबरपर्यंत मी धीर या विषयावर जी व्याख्यानं दिली, ती कुणी लिहून घेतली असती तर वसंत व्याख्यानमालेची एक फेरी निघाली असती. त्यात मुख्य पुरावा अर्थात फर्गीचा, म्हणजे फर्ग्युसनचा. युनायटेडच्या कुठल्याही नव्या मॅनेजरचा बचाव करायचा झाला की हा एकच पुरावा गेली कित्येक वर्षं सगळ्यांना पुरतो आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो आला तेव्हा संघ तळाशी लोळत होता. पहिलाच सामना ऑक्सफर्ड युनायटेडशी, दोन-शून्य हार. त्या मोसमात अकरावा नंबर. पुढच्या वर्षी दुसरा, की लगेच पुन्हा अकरावा. सप्टेंबर १९८९ मध्ये शेजारच्या सिटीकडून पाच-एक असा मार. त्या डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर एकाने फलकच आणला, तीन वर्षं नुसत्या सबबी ऐकल्या, आता टाटा, अशा अर्थाचा. मग जानेवारी १९९० मध्ये एफए कपात नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सचा तो एक गोल, त्याच वर्षी तो चषक, आणि लीग? ती थेट १९९३ मध्ये! सहा-साडेसहा वर्षांनी! ‘‘आणि तुम्हाला,’’ असं म्हणून मी इथे तर्जनी फिरवत असे, ‘‘तुम्हाला सहा महिने दम निघत नाही?’’

भाच्याला टाळ्या वाजवायची फार इच्छा व्हायची, पण हातात पराठा असायचा.

पणजीच्या मित्राने मात्र पहिल्याच दिवशी मान हलवली होती. त्याच्याकडे त्याचं स्वतःचं दुःख ताजं होतं. धेंपोला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा आर्मांदो कुलासो त्याच वर्षी धेंपो सोडून गेला होता, पुढे ईस्ट बंगालला. ‘‘तुमचो फर्गी गेलो, आमचो आर्मांदो गेलो,’’ तो म्हणाला. ‘‘आता जो येतलो, ताका देव राखूं.’’ मी त्याला निराशावादी ठरवून टाकलं. गोव्याची माणसं दुपारी झोपतात, त्यांना दीर्घकालीन प्रकल्पांची काय कल्पना, असंही काहीतरी बोललो. तो फक्त हसला. दुपारी झोपणाऱ्या माणसांना रात्री सव्वाला सुरू होणारे सामने जड जात नाहीत, हे मला नंतर कळलं.

ऑगस्ट बरा गेला. मग लिव्हरपूलकडून हार, सिटीकडून चार-एक अशी हार, घरच्या मैदानावर वेस्ट ब्रॉमकडून हार. डिसेंबरात एकाच आठवड्यात एव्हर्टन आणि न्यूकॅसल दोघेही ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन जिंकून गेले. त्यात एव्हर्टन म्हणजे मोयेसचंच सोडलेलं घर. जानेवारीत स्वान्सीने एफए कपातून बाहेर काढलं. लीग कपाच्या उपांत्य फेरीत सुंदरलँडशी पेनल्टीवर गेलो, तर पाचांतल्या चार आमच्यांनी दवडल्या. मी अजून धीरच धरून होतो. फक्त आवाज थोडा खाली आला होता.

आणि मग फुलहॅम.

फुलहॅमबद्दल मला जरा सविस्तर बोलावं लागेल. घरातले आता ‘फुलहॅम’ हा शब्द ऐकला की उठून आत जातात, तेव्हा वाचकांनाच सांगतो. ९ फेब्रुवारी २०१४, रविवार. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. फुलहॅम तेव्हा तक्त्यात सगळ्यांत शेवटी. त्यांचा मॅनेजर रेने म्यूलेनस्टीन, हा फर्ग्युसनचा प्रशिक्षक. मोयेसने आल्या आल्या फर्गीची जुनी मंडळी बाजूला करून एव्हर्टनची आपली माणसं आणली, त्यात हा गेला होता. म्हणजे काढलेला माणूस समोरच्या बाकावर. पण कथानकाचा हा भाग मी सोडून देतो, कारण मला क्रॉसवर यायचं आहे.

त्या सामन्यात युनायटेडने एक्क्याऐंशी क्रॉस मारले. एक्क्याऐंशी! वाचकांपैकी कुणी गोलकीपर असेल तर त्याच्या अंगावर काटा आला असेल. कडेने पळायचं, वर बघायचं, चेंडू उंच उडवून गोलासमोरच्या गर्दीत टाकायचा. कुणाच्या तरी डोक्याला लागेल. नाही लागला? परत कडेने पळायचं. मिनिटाला जवळपास एक हा दर पडला. मी हा हिशेब नंतर एका लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे केला, त्यामुळे त्या लग्नाला जायचं राहून गेलं. फुलहॅमच्या बचावफळीत डॅन बर्न नावाचा ताडमाड पोरगा होता, तो शांतपणे उभ्या उभ्या एकेक चेंडू डोक्याने परत पाठवत होता. जमिनीवरून खेळणारा हुआन माटा आम्ही जानेवारीतच तीन कोटी सत्तर लाखांच्या वर पौंड मोजून आणला होता, तो वर बघत होता. सगळेच वर बघत होते. पन्नासाव्या क्रॉसच्या सुमाराला अप्पांनी विचारलं, ‘‘यांना दुसरं काही येत नाही का?’’

मी त्यांना समजावलं. क्रॉस हा इंग्लिश खेळाचा प्राण आहे, कडेने आक्रमण केल्याने बचावफळी ताणली जाते, मध्ये मोकळ्या जागा निर्माण होतात, संख्येच्या नियमाने दहातला एक तरी सार्थकी लागतो. टीव्हीच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. पडद्यावर बोटाचे ठसे उमटले. तोवर फुलहॅमचा एक गोल होऊन बसला होता. मग अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला व्हान पर्सी, ऐंशीव्याला कॅरिक, दोन मिनिटांत दोन गोल! मी अप्पांकडे असा वळलो, असा वळलो, की खुद्द मोयेससुद्धा त्या संध्याकाळी एवढ्या तोऱ्यात कुणाकडे वळला नसेल. ‘‘बघा,’’ म्हटलं, ‘‘धीर.’’ आणि भरपाईच्या वेळेत डॅरेन बेंटने बरोबरी केली. दोन-दोन. अप्पांनी कप खाली ठेवला, ‘‘चांगला झाला सामना, दोघांना समान,’’ असं म्हणाले आणि झोपायला गेले.

मी गेलो नाही. त्या रात्री आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जाऊन वॉचमनला मी क्रॉस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘साहेब, गाडीची चावी हरवली का?’’

असो. सांगायचा मुद्दा असा की फुलहॅमनंतर मी पक्ष बदलला. आणि पक्ष बदलणाऱ्याचा उत्साह निष्ठावंतांपेक्षा नेहमी जास्त असतो, हे आपण महाराष्ट्रात राहून वेगळं शिकायला नको. जी तर्जनी फर्गीसाठी फिरायची ती आता मोयेसवर रोखली गेली. १९८६ च्या सगळ्या तारखा मला पाठ होत्याच. त्याच मी उलट्या बाजूने वापरायला लागलो. फर्गीला मोडकळीला आलेलं घर मिळालं होतं, याला तयार बंगला मिळाला. आदल्या वर्षी एकोणनव्वद गुण, दुसऱ्यापेक्षा अकरा जास्त! पुरावा तोच, निकाल उलटा. वकिली शिकलो असतो तर आज कुठल्या कुठे असतो.

मार्च तर भयंकर गेला. लिव्हरपूलकडून घरी तीन-शून्य. दहा दिवसांच्या आत सिटीकडूनही घरी तीन-शून्य. तो सामना आपल्याकडे रात्री सव्वाला सुरू झाला आणि पहिला गोल मिनिटाच्या आत बसला, म्हणजे जागरणाचं सार्थक होण्याची शक्यता एक वाजून सोळा मिनिटांनी संपली. ओल्ड ट्रॅफर्डवर स्ट्रेटफर्ड एंडला मोयेसचं चित्र आणि ‘द चोझन वन’ असं लिहिलेला एक मोठा फलक होता. लोक तो फाडतील म्हणून त्याच्यापाशी रखवालदार उभे करायची वेळ आली. महिन्याच्या शेवटी ॲस्टन व्हिलाच्या सामन्याला कुणीतरी वर्गणी काढून विमान उडवलं, शेपटीला फलक बांधून: राँग वन, मोयेस आउट. आम्ही टीव्हीवर ते विमान बघून टाळ्या वाजवल्या. मी तर शिट्टीही वाजवायचा प्रयत्न केला.

गंमत अशी, की तिथे मैदानात बसलेल्या लोकांनी त्या विमानाची हुर्यो उडवली. त्यातल्या बऱ्याच जणांना मोयेस नकोच होता. पण समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून विमान फिरवायचं, हे त्यांना पसंत पडलं नाही. सामना युनायटेडने चार-एक असा जिंकला.

तेव्हा भाचा पहिल्यांदा तोंडातला घास संपवून बोलला. ‘‘मामा, आमच्याकडं असं इमान उडवाय जमणार न्हाई.’’

मी म्हटलं, का? कोल्हापुरात पैसा नाही का?

‘‘पैशाचं न्हाई ओ.’’ मग त्याने जे सांगितलं ते असं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ खेळतात तेव्हा ईर्ष्या काय असते ते ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. शिव्या असतात, हलगी असते, कधी हाणामारीही होते. पण सामना हरला की हरलेला कोच आपल्याच पेठेतून चालत घरी जातो. ज्या कोपऱ्यावर त्याला लोक धुतात, तिथूनच त्याला सकाळी दूध आणायचं असतं. ‘‘त्याच्या घरात कोण आजारी हाय, पोराची परीक्षा कधी हाय, सगळं ठावं असतंय. मग शिवी देताना जरा बघून द्यावी लागती.’’ एवढं बोलून त्याने आणखी एक पराठा घेतला.

मी त्याला उत्तर दिलंच, कारण उत्तर न देण्याची मला सवय नाही. पण त्या रात्री मला फुलहॅम नाही, दुसरंच काहीतरी आठवत बसलं.

माझे वडील शाळामास्तर. तालुक्याच्या गावी ते मुख्याध्यापक झाले तेव्हा मी चौथीत होतो. त्यांच्या आधीच्या मुख्याध्यापकांना सगळा तालुका ‘मोठे सर’ म्हणायचा. दोन तपं त्यांनी शाळा चालवली. त्यांच्या काळात मुलं बोर्डात आली, शाळेला कुंपण झालं, बँडपथक झालं. आमच्या गावात मोठ्या सरांच्या नुसत्या खोकल्याने भांडणं मिटायची असं म्हणत. आणि मोठे सर राहायचे शाळेच्या बरोबर समोर. निवृत्त झाल्यावर ते रोज प्रार्थनेच्या वेळी ओसरीवर पेपर घेऊन बसत. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना दुसरीकडे कुठे बसायचं माहीतच नव्हतं. पण प्रार्थना चालू असताना सगळ्या मास्तरांचे डोळे बाबांवरून सुटून रस्त्यापलीकडे जायचे, आणि तिथून परत बाबांवर यायचे. मोयेसच्या हंगामात युनायटेडवर गोल झाला रे झाला, की कॅमेरा स्टँडमध्ये बसलेल्या फर्ग्युसनच्या चेहऱ्यावर जायचा. तो बिचारा नुसता च्युइंगगम चघळत असायचा. मग कॅमेरा खाली मोयेसवर. मी ते दृश्य त्या वर्षात इतक्यांदा पाहिलं, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की हे आपण आधी कुठेतरी पाहिलंय.

बाबांच्या पहिल्या वर्षी दहावीचा निकाल घसरला. निकालानंतरच्या रविवारी मला केस कापायला पाठवलं. सलूनमध्ये खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून तिच्यावर मला बसवलं, गळ्याला कापड बांधलं, आणि मागे बाकावर बसलेल्या मंडळींनी नव्या सरांचा हिशेब मांडला. आरशात मला ते सगळे दिसत होते. एकाला वाटत होतं, शिस्त राहिली नाही. दुसरा म्हणाला, मोठ्या सरांच्या वेळी असं नव्हतं. तिसऱ्याने सांगितलं, पहिलं वर्ष आहे, जरा दम धरा. त्यावर पहिला म्हणाला की दम धरायला पोरांची वर्षं काय फुकट आहेत का? मग सगळ्यांत सभ्य माणूस बोलला: ‘‘माणूस चांगला आहे हो. पण...’’

मला त्या ‘पण’नंतरचं ऐकू आलं नाही, कारण केस कापणाऱ्या काकांनी रेडिओ मोठा केला. मी कुणाचा मुलगा आहे हे त्यांना माहीत होतं. कापड बांधलेलं असल्यामुळे मला हलताही येत नव्हतं, आणि काकांनीही त्या दिवशी केस जरा जास्तच बारीक कापले.

घरी गेल्यावर बाबांनी विचारलं, ‘‘काय गप्पा चालल्या होत्या सलूनमध्ये?’’ मी म्हटलं, क्रिकेटच्या. बाबा म्हणाले, ‘‘बरं.’’ मग जेवताना, मी काहीही न विचारता म्हणाले, ‘‘निकाल खाली आलाय हे खरंच आहे ना? मग लोक बोलणारच.’’ आणि आमटी वाढून घेतली. एवढंच. मला मात्र त्या बाकावरच्या माणसांचा राग पुढे कित्येक वर्षं पुरला. अजूनही थोडा शिल्लक असावा, नाहीतर मोयेसच्या निमित्ताने तो वर आला नसता.

पुढची गोष्ट लोकांना खोटी वाटते. बाबा त्या शाळेतूनच निवृत्त झाले. त्यांच्यानंतर आलेल्या मुख्याध्यापकांचं पहिलं वर्ष संपलं, तेव्हा मी सुट्टीत गावी गेलो होतो आणि त्याच सलूनमध्ये, बहुधा त्याच बाकावर, मला एकाने सांगितलं, ‘‘तुमच्या वडलांच्या वेळी असं नव्हतं बघा.’’ मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं खूश होतील. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरायला निघालो, तर त्यांनी नेहमीचा शाळेवरून जाणारा रस्ता सोडला आणि ओढ्याकडून वळसा घालून मला नेलं. आईने नंतर सांगितलं की निवृत्त झाल्यापासून ते शाळेवरून जातच नाहीत. नव्या माणसाला ते दिसायला नकोत.

हे सगळं मी मंडळात बोललो नाही. अध्यक्षाने भावुक होऊ नये, असा संकेत आहे. २० एप्रिलला एव्हर्टनच्या मैदानावर, म्हणजे मोयेसच्याच जुन्या अंगणात, युनायटेड दोन-शून्य हरलं. एक प्रेक्षक यमदूताचा काळा झगा घालून आणि हातात विळा घेऊन मोयेसच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. अप्पा पहिल्यांदा मनापासून हसले. मला हसू आलं, आणि मग आलं नाही. दोन दिवसांनी मोयेसला काढलं. सहा वर्षांच्या कराराचं पहिलं वर्षसुद्धा पुरं झालं नाही.

युनायटेडला हे नवीन नव्हतं म्हणा. १९६९ मध्ये मॅट बस्बीसारखा माणूस बाजूला झाला, एकतीस-बत्तिशीतल्या विल्फ मॅकगिनेसला संघ दिला, बस्बी क्लबातच राहिले, आणि १९७० च्या डिसेंबरात मॅकगिनेस गेला नि बस्बी परत खुर्चीत. मोठे सर आणि नवे सर हा पाठ तिथेही जुनाच. पण कुणी वाचलेला दिसत नाही.

मोयेस गेल्यावर आमचे दिवस पालटतील, असं मी लेखी द्यायला तयार होतो. व्हान गाल आला, एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत गेला. मूरिन्यो आला, गेला. सोल्शार आपला माणूस म्हणून आला, आणि आपला माणूस म्हणूनच त्याला काढताना सगळ्यांना रडू आलं. टेन हाग आला, दोन चषक जिंकून गेला. आमोरिम आला, त्या मोसमात संघ पंधरावा. प्रत्येक वेळी मी पहिले सहा महिने फर्गीच्या तारखा सांगतो आणि पुढचे सहा महिने त्याच तारखा उलट्या सांगतो. भाचा आता नोकरीला लागलाय, त्याला या व्याख्यानाची वेळसुद्धा पाठ आहे. तो साधारण जानेवारीत फोन करतो, ‘‘मामा, बदलला का पक्ष?’’

मध्ये एकदा सहज आकडे बघत होतो. मोयेसचे युनायटेडकडून सगळे मिळून सामने ५१, विजय २७. व्हान गालचे सामने १०३, विजय ५४. भागाकार करून बघा. मोयेसची टक्केवारी किंचित का होईना, जास्त भरते. ज्या माणसाला आम्ही विमान उडवून घालवला, त्याच्या जागी आलेला मोठ्या नावाचा माणूस अर्ध्या टक्क्याने मागेच होता, आणि त्याला आम्ही दोन वर्षं तत्त्वज्ञ म्हणत होतो. मी हे पणजीच्या मित्राला सांगितलं. तो दुपारचा झोपला होता, पण फोन घेतला. म्हणाला, ‘‘तुका आता कळलें?’’

७ जून २०२३ ला मोयेसच्या वेस्ट हॅमने प्रागमध्ये फियोरेन्तिनाला दोन-एक असं हरवून युरोपा कॉन्फरन्स लीग जिंकली. शेवटच्या मिनिटाला बोवेनने गोल केला तेव्हा साठीचा हा गंभीर गृहस्थ कडेने असा पळत सुटला, की मला वाटलं पाय मुरगळतोय. सामना संपल्यावर त्याने आपलं पदक काढलं आणि म्हाताऱ्या वडिलांच्या गळ्यात घातलं. आमच्याकडे रात्रीचे अडीच-तीन वाजले असतील. घरात कुणी जागं नव्हतं, अप्पा नव्हते, त्यामुळे माझ्या डोळ्यांना काय झालं याचा खुलासा मला कुणाला करावा लागला नाही. वेस्ट हॅमशी माझा काडीचा संबंध नाही. तरी मी त्या रात्री जिंकलो होतो.

तेव्हा आता अध्यक्ष म्हणून निकाल देतो. मोयेस चांगला मॅनेजर होता आणि आहे. त्याला वेळ द्यायला हवा होता. फर्गीने स्टँडमध्ये जरा मागची खुर्ची घेतली असती तर बरं झालं असतं. मोयेसने आणलेल्या फेलायनीसाठी मात्र दोन कोटी पंच्याहत्तर लाख पौंड फार झाले, जुलैअखेरीपर्यंत तोच माणूस चाळीसेक लाखांनी स्वस्त मिळत होता, आणि या मुद्द्यावर मी कुणाशीही, कितीही वाजता बोलायला तयार आहे.